शिंगराच्या रंगाची सोडत

२०२२ सालची गोष्ट. पंजाबात संगरूर जिल्ह्यात एका हौशी माणसाने काळाभोर मारवाडी घोडा म्हणून जवळजवळ २३ लाख रुपये मोजले. घरी आणून घोड्याला अंघोळ घातली, तर काळा रंग पाण्याबरोबर ओघळून गेला आणि खालून साधा तांबूस देशी घोडा निघाला. प्रकरण पोलिसांत गेलं, बातमी देशभर झाली, लोक पोट धरून हसले.

हसणं ठीक आहे, पण असा धंदा का चालतो, हे पाहण्यासारखं आहे. जनावर तेच, चाल तीच, फक्त कातडीवरचा केस काळा असला की किंमत कुठल्या कुठे जाते. आणि हा केस मागून मिळत नाही. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच शिंगरू देते. जुळी राहिली तर ती बहुधा वाया जातात. कोंबड्या पाळणाऱ्याला एका हंगामात शंभर पिल्लांतून निवड करता येते, घोडे पाळणाऱ्याच्या हातात मात्र वर्षाला एक चिठ्ठी पडते. ती उघडल्यावर हवा तो रंग निघाला नाही, तर पुढच्या चिठ्ठीला पुन्हा वर्षभराचा दाणा-वैरणीचा खर्च. रंगाच्या डब्याचा मोह तिथून सुरू होतो.

ही अडचण जुनी आहे. महाभारतातल्या उद्योगपर्वात विश्वामित्राने गालवाकडे गुरुदक्षिणा मागितली ती अशी : चंद्रासारखे शुभ्र आणि एक कान काळा असे आठशे घोडे. गालव राजामागून राजा फिरला. तिघांकडे असे घोडे होते, पण प्रत्येकाकडे दोनशेच. मुळात असे हजार होते, त्यांतले उरलेले चारशे नदी ओलांडताना वाहून गेले, असं कथा सांगते. म्हणजे असे घोडे नव्याने पैदा करता येतील, हा विचार कथेतल्या कुणाच्या मनातही येत नाही. होते तेवढेच होते. (त्या सहाशे घोड्यांची किंमत ययातीची मुलगी माधवी हिने फेडली. एका कानाच्या रंगापायी तिची जी परवड झाली, ती वाचवत नाही.) पांढऱ्या अंगाचे आणि काळ्या कानांचे घोडे प्रत्यक्षात जन्मतात. अमेरिकेत अबलख घोड्यांमध्ये असं शिंगरू निघालं की त्याला ‘मेडिसिन हॅट’ म्हणतात. पण ठरवून, दरवर्षी, एकच कान काळा असलेलं शिंगरू काढून दाखवणारा पैदासकार आजही सापडणार नाही.

मराठीत घोड्याच्या रंगांना नावांची वाण नाही. तांबडं अंग आणि काळी आयाळ-शेपटी असलेला तो कुमैत, काळा तो मुश्की, करड्याचा पांढरा होत जाणारा तो सब्जा, ठिगळांचा तो अबलख. चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी. गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र तो नुकरा. मूळ शब्दाचा अर्थच चांदी. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत जो घोडेबाजार भरतो, तिथे जाणता गिऱ्हाईक पांढऱ्या घोड्याच्या केसांकडे आधी पाहतच नाही. तो नाकपुडीच्या कडेला अंगठा दाबतो, पापणी उलटतो, शेपूट उचलून बघतो. कातडी गुलाबी दिसली तर नुकरा, काळी दिसली तर सब्जा. दोन्ही घोडे लांबून सारखेच पांढरे. दोघांच्या पोटी येणाऱ्या शिंगरांचं गणित मात्र पार वेगळं.

ते गणित कळायला माणसाला फार वेळ लागला. मध्ये काही सुरस चुकाही झाल्या. १८२०च्या सुमारास इंग्लंडमध्ये लॉर्ड मॉर्टन यांनी आपली तांबडी, जवळजवळ पूर्ण अरबी घोडी क्वागा या आता नामशेष झालेल्या, झेब्र्याच्या जातीच्या नराला लावली. मिश्र पिल्लू झालं. पुढे ती घोडी दुसऱ्या मालकाकडे गेली, तिथे काळ्या अरबी घोड्यापासून तिला शिंगरं झाली, आणि त्यांच्या पायांवर पट्टे! पहिल्या नराची छाप घोडीच्या अंगात कायमची राहते, असा निष्कर्ष रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. डार्विनसारख्या माणसानेही तो गंभीरपणे घेतला. एकदा ‘खालच्या’ घोड्याला लागलेली घोडी बाटली, हा समज पैदासकारांत त्यामुळे आणखी घट्ट झाला. शतकाच्या शेवटी एडिंबरोजवळ पेनिक्विक इथे जेम्स कोसार युअर्ट यांनी खरोखरीचा झेब्रा आणून हा प्रयोग पुन्हा केला. घोड्यांपासून झालेल्या नंतरच्या शिंगरांवर झेब्र्याची कसलीही छाप दिसली नाही. पट्टे घोड्याच्या रक्तातच असतात आणि झेब्र्याशी कसलाही संबंध नसलेल्या शिंगरांच्या पायांवरही दिसतात. २०१६ साली टीबीएक्स३ या जनुकाचा अभ्यास झाला, तेव्हा पाठीवरची काळी रेघ आणि पायांचे पट्टे घोड्यांत कसे येतात नि जातात याचा बराच उलगडा झाला.

खरी चावी वहीत सापडली. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळी ‘जनरल स्टड बुक’मध्ये अठराव्या शतकापासून नोंदल्या जातात : आई, बाप, साल, रंग. १९०६ साली सी. सी. हर्स्ट या मेंडेलच्या चाहत्याने त्या नोंदी चाळल्या. आयाळीसकट तांबडा, म्हणजे चेस्टनट, नर आणि तशीच मादी यांच्या हजाराहून जास्त शिंगरांत जवळजवळ सगळी चेस्टनटच निघाली. मोजके अपवाद त्याने नोंदीच्या चुका म्हणून बाजूला काढले. ऑक्सफर्डच्या वेल्डन यांना हे पटेना. तेही स्टड बुक घेऊन बसले. वाद चांगलाच पेटला, आणि तो चालू असतानाच त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यूमोनियाने वेल्डन वारले. हर्स्टचं म्हणणं टिकलं. नव्वद वर्षांनी, १९९६ मध्ये, स्वीडनच्या संशोधकांनी एमसी१आर या जनुकातला नेमका बदल दाखवला, ज्यामुळे काळं रंगद्रव्य केसात उतरतच नाही.

प्रत्येक घोड्याजवळ या जनुकाच्या दोन चिठ्ठ्या असतात आणि शिंगराला तो त्यांतली एकच देतो. दोन्हीकडून ‘तांबडी’ चिठ्ठी आली की शिंगरू चेस्टनट. एक जरी ‘काळी’ आली तरी काळं रंगद्रव्य तयार होतं. मग दुसरं जनुक ठरवतं की ते अंगभर पसरायचं की आयाळ, शेपूट आणि पायांपुरतं राहायचं. पसरलं तर मुश्की, आवरलं तर कुमैत. चेस्टनटच्या अंगात हे आवरणारं जनुक गुपचूप बसलेलं असू शकतं, कारण तिथे आवरायला काळं काही नसतंच. म्हणून काळ्या घोड्याला चेस्टनट घोडी लावली आणि कुमैत शिंगरू झालं की मालक मोतद्दाराकडे संशयाने बघतो. बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

जगातला सर्वांत गाजलेला चेस्टनट घोडा असाच आला. सेक्रेटेरिएटचा बाप बोल्ड रूलर गडद कुमैत होता, आई समथिंगरॉयल कुमैत होती. दोघांच्याही अंगात तांबडी चिठ्ठी दडलेली होती, त्यामुळे चारात एक शक्यता. ती लागली. त्यातही गंमत अशी की हा घोडा नाणेफेकीतून मालकिणीकडे आला. दोन घराण्यांत शिंगरांची वाटणी नाणं उडवून व्हायची होती. पेनी चेनरी नाणेफेक हरल्या. जिंकणाऱ्याने आधी जन्मलेली शिंगी उचलली आणि घोडीच्या पोटातलं शिंगरू चेनरींच्या वाट्याला आलं. ३० मार्च १९७० रोजी ते जन्मलं, १९७३ साली त्याने अमेरिकेचा तिहेरी मुकुट जिंकला. रंगाची फिकीर तिथे कुणालाच नव्हती. शर्यतीच्या जगात रंग हा ओळखीपुरता. मुंबई-पुण्याच्या रेसकार्डावरही तो घोड्याच्या नावाशेजारी एक-दोन अक्षरांत आटपतो.

अडचण येते ती रंगासाठीच पैदास करणाऱ्यांना. आणि इथे एक विचित्र गोष्ट वारंवार दिसते : बाजार ज्या रंगांवर जीव टाकतो, त्यांतले कितीतरी रंग आपल्यासारखी शिंगरं भरवशाने देऊच शकत नाहीत. सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा पालोमिनो घ्या. चेस्टनट घोड्याला क्रीम जनुकाची एक मात्रा मिळाली की तो सोनेरी होतो. दोन मिळाल्या की फिकट दुधी, निळ्या डोळ्यांचा क्रेमेलो. पालोमिनोला पालोमिनोच लावला तर सरासरीने निम्मी शिंगरं सोनेरी, पाव चेस्टनट, पाव क्रेमेलो. साध्या चेस्टनटला लावला तरी निम्मीच सोनेरी. निम्मी शक्यता ऐकायला बरी वाटते. पण आठ मालकांनी तीन-तीन वर्षं असा जोडा लावला, तर सरासरीने त्यांतल्या एकाला एकही सोनेरी शिंगरू मिळणार नाही. तो घोडीला दोष देईल, घोड्याच्या मालकाशी भांडेल, पुढच्या वर्षी दुसरा घोडा शोधेल. खरं तर त्याच्या वाट्याला फक्त सरासरी आली.

यावर पक्का उपाय आहे. क्रेमेलो नराला चेस्टनट घोड्या लावल्या की एकूण एक शिंगरू पालोमिनो. फक्त त्यासाठी पागेत असा घोडा बाळगावा लागतो, ज्याच्या फिकट अंगावर आणि गुलाबी कातडीवर हौशी गिऱ्हाइकाची नजर ठरत नाही. सोनेरी शिंगरांचा भरवशाचा बाप स्वतः सोनेरी नसतो.

ठिपक्यांच्या घोड्यांतही हेच. १८१२ साली डेन्मार्कमध्ये फ्लेबे नावाच्या खाटकाकडून एक ठिपकेदार तांबडी घोडी विकत घेतली गेली. क्नाबस्ट्रुप इस्टेटीवर तिच्यापासून ठिपकेदार घोड्यांची अख्खी जात उभी राहिली. अंगभर चित्त्यासारखे ठिपके असलेला घोडा बहुधा या जनुकाची एकच प्रत बाळगून असतो. दोन प्रती असलेल्याच्या अंगावर ठिपके जवळजवळ उरतच नाहीत, तो नुसताच पांढरट दिसतो. पण त्याची सगळी शिंगरं हे जनुक घेऊन जन्मतात, म्हणून जाणता पैदासकार त्यालाच जपतो. मात्र दोन प्रतींचा घोडा अंधारात आंधळा असतो. रात्री त्याला अनोळखी रानात सोडता येत नाही. हे जनुक काही आधुनिक फॅशन नाही. फ्रान्समधल्या पेश मेर्ल गुहेत सुमारे २५,००० वर्षांपूर्वी रंगवलेले ठिपकेदार घोडे लोक कल्पनाच समजत. २०११ साली प्राचीन हाडांतला डीएनए तपासला, तेव्हा ३१ घोड्यांपैकी सहांत ते जनुक निघालं.

पांढऱ्या रंगाची वाट सर्वांत फसवी. सब्जा घोडा जन्मतो गडद, मग वर्षागणिक पिकत जातो, सहा ते दहा वर्षांत पांढरा होतो. २००८ मध्ये उप्साला इथल्या लेइफ अँडरसन यांच्या गटाने यामागचा बदल एसटीएक्स१७ या जनुकात शोधला. हे जनुक बाकी सगळ्यांवर पांघरूण घालतं. सब्जाच्या अंगात काळा, चेस्टनट, क्रीम, काहीही दडलेलं असेल, वरून ओळखणं अशक्य. पण एक पाळायला सोपा नियम आहे : सब्जा शिंगराच्या आईबापांपैकी एक तरी सब्जा असायलाच हवा. नसेल, तर कागदांवरचा बाप खोटा. आणि नवजात शिंगरू सब्जा होणार का, हे जुने मोतद्दार डोळ्यांभोवती बघून सांगतात. पापणीच्या कडेला चष्म्यासारखी पांढऱ्या केसांची रेघ दिसली की समजायचं. जन्मतःच काजळासारखं काळं कुळकुळीत शिंगरू बघून हुरळून जाऊ नये, हेही तेच सांगतात. पुढे काळी राहणारी शिंगरं जन्मतात तेव्हा बहुधा राखी, उंदरी रंगाची असतात. जन्मतःचं काजळ पुष्कळदा पिकतं. याच जनुकाची दुसरी बाजू म्हणजे पंधरा वर्षांवरच्या सब्जा घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांना शेपटीखाली किंवा अन्यत्र मेलानोमाच्या गाठी होतात. नवरदेवाची घोडी म्हणून हौसेने घेतलेल्या पांढऱ्या घोडीच्या मालकाला हे कुणी सांगत नाही.

नुकरा म्हणून ज्याला बाजार एकच नाव देतो, तो गुलाबी कातडीचा पांढरा घोडा वेगवेगळ्या वाटांनी घडू शकतो : क्रीमच्या दोन मात्रांनी, किंवा केआयटी जनुकातल्या एखाद्या बदलाने. दोन नुकरे एकत्र आणून भलतंच शिंगरू का निघालं, याचं उत्तर बहुधा इथे असतं. केआयटीतला बदल कधी कधी एखाद्या कुळात पहिल्यांदाच, अचानक उगवतो. जपानमध्ये १९९६ साली शिरायुकिहिमे ही पांढरीशुभ्र शिंगी जन्मली. तिचे आईबाप दोघेही पांढरे नव्हते. तिची नात सोदाशी हिने २०२० मध्ये हान्शिनची शर्यत मारली आणि सर्वोच्च दर्जाची शर्यत जिंकणारी ती पहिली पांढरी घोडी ठरली. सोदाशीची आई बुचिको पांढरी, पण अंगावर ठिपके.

जनुक पक्कं असलं तरी नक्षी पक्की नसते. अमेरिकेतल्या स्मार्ट लिटल लीना या नामांकित घोड्याची पाच क्लोन शिंगरं तयार केली, तर पाचांच्या कपाळावरचं पांढरं वेगवेगळं. रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून सगळ्या अंगभर पसरतात. कपाळ आणि पायांची टोकं ही शेवटची ठाणी. तिथवर त्या वेळेत पोचल्या नाहीत, तर तो भाग पांढरा राहतो. किती राहतो, हे थोडं नशिबावर. पंचकल्याणी शिंगरू ठरवून काढणं म्हणूनच इतकं अवघड. एवढं मात्र सांगता येतं की कुमैतापेक्षा चेस्टनटवर पांढरं जास्त उतरतं.

आतापर्यंतचं सगळं पैशाचं आणि हौसेचं. एका ठिकाणी मात्र ही सोडत जीव घेते. अमेरिकेतल्या ‘फ्रेम’ नक्षीच्या दोन घोड्यांचा जोडा लावला तर चारातलं एक शिंगरू जवळजवळ पूर्ण पांढरं, निळ्या डोळ्यांचं जन्मतं. उठतं, दूध पितं, आणि काही तासांत पोटदुखीने लोळू लागतं. त्याच्या आतड्यात मज्जापेशीच नसतात. जगण्याची काहीच शक्यता नसते, त्याला वेदनेतून सोडवावं लागतं. १९९८ साली ईडीएनआरबी जनुकातला दोष सापडला आणि तेव्हापासून चाचणी मिळते. ही नक्षी काही घोड्यांच्या अंगावर दिसतच नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबून चालत नाही. चाचणी हाताशी असताना न करता दोन फ्रेम घोडे एकत्र आणणं हा निष्काळजीपणाच म्हणायला हवा, नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही.

चाचणी अवघड नाही. आयाळीतले वीस-तीस केस मुळांसकट उपटून प्रयोगशाळेत पाठवायचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक जनुक प्रयोगशाळेत यातल्या बहुतेक रंगांची तपासणी होते. शिंगराचा रंग त्यातून कळत नाही, पण आईबापांच्या हातात कुठल्या चिठ्ठ्या आहेत ते कळतं. फ्रीझियन घोड्यांच्या डच वंशावळीने तर तांबडी चिठ्ठी बाळगणाऱ्या नराला मान्यता द्यायचंच थांबवलं. सफोक पंच या इंग्लिश नांगरी घोड्यांना त्याचीही गरज नाही. ते १७६८ साली जन्मलेल्या एकाच नराचे वंशज आणि सगळे चेस्टनट. दबलेला रंग एकदा दोन्ही बाजूंनी जमला की दुसरं काही निघायला जागा उरत नाही. चिठ्ठ्याच जास्त काढायच्या, हीही एक वाट आहे. बिकानेरला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या शाखेत मे २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून पहिलं मारवाडी शिंगरू जन्मलं, त्याचं नाव राज-प्रथमा. या पद्धतीने एका घोडीची वर्षाला एकाहून जास्त शिंगरं दुसऱ्या घोड्यांच्या पोटी वाढवता येतात. रंगाच्या हौसेसाठी इतका खटाटोप करावा का, हा प्रश्न वेगळा.

काहींनी नियमच बदलले. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन शुद्ध आईबापांच्या शिंगरांनाही, अंगावर पांढरं फार असेल तर, नोंदवून घेत नसे. ही अट २००४ साली गेली. मधल्या काळात नाकारलेल्या या शिंगरांच्या बळावर पेंट हॉर्स ही वेगळी नोंदणी भरभराटीला आली, आणि ठिगळांनाच भाव आला. आपल्याकडे भीमाकाठच्या धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर फिरणारे भीमथडी घोडे बघावेत. अलीकडेच त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. पाठीवर भांडी-कुंडी, कोकरं आणि कोंबड्यांची डालगी घेऊन घाट चढणाऱ्या घोडीचा रंग विचारायला तिथे कुणाला सवड नसते.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधले लिपित्सानर घोडे पांढरेशुभ्र म्हणून जगप्रसिद्ध आहेत. सगळे सब्जा, सगळे गडद जन्मलेले. काहींच्या अंगात मात्र सब्जा जनुकाची एकच प्रत असते, आणि अशा दोघांच्या पोटी अधूनमधून असं शिंगरू येतं जे कधी पिकतच नाही, आयुष्यभर कुमैत किंवा काळं राहतं. त्याला हाकलून देत नाहीत. परंपरेने असा एक गडद घोडा शाळेत मुद्दाम ठेवतात. तो शुभ मानतात. झुंबरांखालच्या दालनात पांढऱ्या घोड्यांच्या रांगेत तो एकटाच तपकिरी दिसतो.